लॅमिनेट केलेली आवड

साहेब, तुम्ही माझ्या मुलीचा पेपर वाचलाच नाही. तिचं नाव वाचलंत, नावापुढच्या 'मुलगी' या चौकोनातली खूण वाचलीत आणि पेन्सिल खाली ठेवलीत. हा माझा आरोप आहे. पुरावे माझ्याकडे आहेत, आणि तेही तीन-तीन प्रतींत, कारण माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सवाल्याशी कागदांवरून वैर धरू नये, ही गोष्ट तुमच्या एकशे वीस प्रश्नांत कुठेच नव्हती, म्हणून सांगून ठेवतो.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्या लेटरहेडवर उगवता सूर्य आहे आणि नावामागे इतक्या पदव्या आहेत की नाव दुसऱ्या ओळीवर गेलंय. तुम्ही स्वतःला ओळखाल.

गोष्ट दोन हजार चारच्या मे महिन्यातली. मालवणपासून पाच किलोमीटरवर आमची वाडी. तिथे दहावीला बसलेल्या मुलांसाठी 'करिअर मार्गदर्शन शिबिर' घ्यायचं माझ्या डोक्यात आलं. का आलं विचारू नका. दुकानात बसून दिवसभर दुसऱ्यांचे फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या डोक्यात समाजसेवा शिरते, तशी ती शिरली. तुमची जाहिरात मी पेपरात वाचली होती: 'आवड ओळखा, आयुष्य घडवा. शास्त्रीय कल चाचणी.' शास्त्रीय हा शब्द वाचला की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

वाडीने सल्ले दिले. सल्ले द्यायला आमच्याकडे पैसे पडत नाहीत. शेजारी बाबली, स्वतःची होडी असलेला माणूस, म्हणाला, "भाई, आवड कसली शोधतास? आवड ही काय खाडीत पडलली अंगठी आसा?" आमच्या देवळाचे गावकर दाजी म्हणाले, "शिबिर करा, पण आदी गाऱ्हाणा घालूक होया. गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे बोअर पण मारीत नाय." माझी बायको नर्मदा म्हणाली, "घरातल्या चेडवाक काय आवडता ता तुमका ठावक नाय, आणि गावाची आवड शोधूक निघालास." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. नंतर मात्र ते मला रोज ऐकू यायला लागलं.

माझी मुलगी संजना. तिचं काय सांगू? दुकानातलं झेरॉक्स मशीन आठवीत असल्यापासून तीच उघडते. कागद अडकला की मी मशीनला थोबाडीत मारायचो; ती बाजूचं झाकण काढून, हात घालून, कागद अख्खा बाहेर काढायची. ड्रम पुसणं, रोलर बदलणं, सगळं तिचं. गिऱ्हाईकाने विचारलं, "झाला काय रे दुरुस्त?" की मी म्हणायचो, "केलंय." हो, मीच म्हणायचो. वर वर्षातून दोनदा कुडाळहून मेकॅनिक बोलवायचो, कारण मशीनला कुणातरी अधिकृत माणसाने हात लावलेला बरा असतो. तो येऊन संजनाला विचारायचा, "काय झालं होतं गो?" ती सांगायची. तो बिल करायचा.

शिबिराचा दिवस उजाडला. शाळेचा हॉल, दशावतारवाल्यांचा माइक, चव्वेचाळीस मुलं: बावीस मुलगे, बावीस मुली, आणि उद्घाटनापुरते त्यांचे आईबाप. तुमच्या केंद्राचे मार्गदर्शक गाडीतून उतरले आणि पहिला शास्त्रीय प्रश्न त्यांनी मला विचारला, "सुरमई मिळेल ना?" मी म्हटलं मिळेल. मग दाजींनी नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही पोरां पेपराक बसतहत, तेंका बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल.

"झिलांका पगाराची नोकरी मेळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"चेडवांका पगाराचो घोव मेळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तुमची चाचणी खरं तर इथेच संपली होती. पुढचा कागद फुकट गेला. आणि साहेब, लपवत नाही, त्या तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'त माझाही आवाज होता. चांगला मोठा होता. माइक माझ्या हातात होता.

त्याच माइकवरून मी भाषण केलं. टाळ्या पडायला लागल्या की माणसाची जीभ घसरते, तशी माझी घसरली. मी म्हणालो, "माझी मुलगी संजना याच हॉलमध्ये बसली आहे. माझ्या घरात मुलगा-मुलगी भेद नाही. अहवालात जे येईल तीच तिची लाइन. देवाच्या नारळासमोर शब्द देतो!" प्रचंड टाळ्या. संजनाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला यांत्रिकीचा डिप्लोमा करायचा होता. ते तिने मला दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा "बघूया" म्हणालो होतो. आता बघणारे तुम्ही होतात. तिला ते पटलेलं दिसलं. पेपर सोडवायला ती अशी बसली, जणू कुणीतरी पहिल्यांदाच तिला काहीतरी विचारतंय.

पेपरात विधानं होती. 'बंद पडलेलं घड्याळ उघडून बघावंसं वाटतं.' हो, नाही, सांगता येत नाही. 'रडणाऱ्या मुलाला गप्प करायला आवडतं.' हो, नाही, सांगता येत नाही. अशी एकशे एकोणीस. एकशे विसावा प्रश्न लिहिण्याचा: 'मोकळ्या वेळात काय करता?' पर्यवेक्षक म्हणून दोन शिक्षक होते. पण बारा वाजता सुरमई तव्यावर पडली, तिचा वास हॉलपर्यंत आला आणि मार्गदर्शकांना सोबत म्हणून दोन्ही शिक्षक पंगतीला गेले. हॉलमध्ये पोरं आणि पेपर उरले. ही नोंद नीट ठेवा, पुढे लागणार आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अहवाल आले. पाठीमागे पोरांच्या उत्तरपत्रिका जोडलेल्या. अख्खी वाडी माझ्या दुकानात: एक झेरॉक्स, एक लॅमिनेशन. अहवाल जाड कागदाचा आणि त्यावर सोनेरी सूर्य. लोकांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावला. बावीस मुलग्यांत अभियंते अकरा, जहाजावरचे अधिकारी सहा, उरलेले उद्योजक. बावीस मुलींत बालवाडी, परिचर्या, शिवणकला आणि गृहविज्ञान. मासळीच्या लिलावात दर ओरडणाऱ्या तुळसाची पोर यशोदा, जिचा आवाज जेटीवरून समोरच्या बंदरापर्यंत जातो, तिच्या अहवालात तुम्ही लिहिलंत 'मितभाषी'.

संजनाचा अहवाल मीच मोठ्याने वाचला. "सेवाभावी वृत्ती. वडिलांना कामात मदत करण्याची ओढ. बालवाडी शिक्षिका, गृहविज्ञान. रांगोळी इत्यादी कलांत गती असू शकेल."

"रांगोळी?" संजना म्हणाली.

"असू शकेल म्हटलंय," मी म्हणालो.

"शब्द दिलास मा?" नर्मदा आतून म्हणाली. ती भाकरी थापत होती. त्या एका वाक्यानंतर भाकरी जरा जास्तच जोरात थापली जाऊ लागली.

संजना रडली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती, आणि प्रकरण नेहमीप्रमाणे मिटलं असतं. दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये कागद अडकला. मी हाक मारली. ती दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, बालवाडीची बाई मशीन उघडीत नाय. अहवालात नाय तां."

मी चार वेळा मशीनला मारलं. पाचव्या वेळी काच तडकली.

त्याच आठवड्यात बाबली आपल्या मुलाचा, नितेशचा अहवाल घेऊन आला. उत्तरपत्रिकेसकट चार प्रती हव्या होत्या. एक घरात, एक होडीत, एक मुंबईच्या काकाला आणि एक जपून. बाबलीची छाती होडीच्या टोकासारखी पुढे आलेली. "वाच रे भाई, मोठ्यान वाच."

मी वाचलं. "यंत्रांची उपजत जाण. नेतृत्वगुण. यांत्रिकी अभियांत्रिकी, सागरी इंजिने."

आता नितेशबद्दल सांगतो. पोरगा गरीब, गुणी. पण होडीचं इंजिन सुरू झालं की तो कानात बोटं घालतो. त्याच्या हाताला एकच काम लागतं: आई सुगंधाबरोबर बसून सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, करणं. वाडीत त्याच्याइतका घट्ट आणि सारखा वळेसर कुणाला जमत नाही. हे वाडीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. सुगंधा ते वळेसर बाजारात आपण केलेले म्हणून विकते. माझ्या 'केलंय'चीच ती दुसरी बाजू.

संजना दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली, नितेशची उत्तरपत्रिका उचलली आणि दोन मिनिटं पाहत राहिली. म्हणाली, "बाबा, ह्यो माझोच पेपर."

मी तिची उत्तरपत्रिका आणली. दोन्ही कागद एकावर एक ठेवून ट्यूबलाइटसमोर धरले. साहेब, एक खूण इकडची तिकडे नव्हती. प्रश्न सत्तेचाळीसला तिने आधी 'नाही'वर खूण करून मग खोडून 'हो' केलं होतं. याने पण 'नाही' करून खोडून 'हो' केलं होतं. एकशे विसाव्याला तिने लिहिलं होतं, 'वडिलांच्या दुकानातलं झेरॉक्स मशीन दुरुस्त करते.' नितेशने लिहिलं होतं, 'वडिलांच्या दुकानातलं झेरॉक्स मशीन दुरुस्त करतो.' बाबलीला होडी आहे. दुकान नाही. झेरॉक्स तर त्याच्या सात पिढ्यांत नाही.

नितेशला बोलावून घेतलं.

"अरे मेल्या, कॉपी केलंस?"

"पेपर होतो मा, भाई," नितेश म्हणाला. "सर जेवूक गेले. मगे काय करतलंय?"

"अरे पण तुझी आवड विचारली होती! आवडीत पण कॉपी?"

"माझी आवड माका खंय ठावक?" तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "संजनाक सगळा येता, म्हणान तिचा बघलंय."

बाबलीने त्याच्या पाठीत एक घातली. पण अहवाल परत मागितला नाही की फाडला नाही. म्हणाला, "कॉपी केलान तर केलान. शिक्को तर आपल्या नावावर आसा."

साहेब, आता कळलं प्रकरण? तेच एकशे वीस, तीच खाडाखोड, तेच मशीन. मुलग्याने मशीन दुरुस्त केलं तर ती यंत्रांची उपजत जाण. मुलीने तेच केलं तर वडिलांना मदत.

मी तुम्हाला पत्र लिहिलं. सभ्य लिहिलं. तीन वेळा 'नम्र विनंती' हा शब्द वापरला. बाराव्या दिवशी तुमचं उत्तर आलं, छापील. 'मुलगे व मुली यांचे तक्ते स्वतंत्र असून ते दीर्घ अनुभवावर आधारित आहेत. पालकांनी भावनेच्या भरात निष्कर्षांवर शंका घेऊ नये.' खाली सही नाही, रबरी शिक्का. भावनेच्या भरात! पोस्टमनने पाकीट उघडं आलं म्हणून ते आधीच वाचलं होतं. तो सायकलवरून ओरडला, "भाई, भावना आवरा!" दोन दिवस वाडीत मला कुणी नावाने हाक मारली नाही. 'भावना' म्हणायचे.

मग मी माझं शास्त्र काढलं. तुमची 'जलद टपाली सेवा, आठ दिवसांत निकाल' होती ना? संजनाच्याच उत्तरांची प्रत काढली, नाव घातलं 'संजय', खूण केली 'मुलगा', शेवटच्या उत्तरात 'करते'चं 'करतो' केलं. ते कळल्यावर बाबली पेटला. "माझ्या झिलाचो पण धाड! चेडू म्हणान धाड! बघू तरी." त्याला खात्री होती की मर्दाची उत्तरं कुठेही गेली तरी मर्दाचीच राहतात. पाठवली, नाव 'नीता'.

नवव्या दिवशी दोन पाकिटं आली. संजय: 'धाडसी, तांत्रिक बुद्धी, नौकाबांधणी अथवा इंजिन विभाग.' नीता: 'सोशिक, मायाळू. बालवाडी शिक्षिका. विवाहोत्तर घरगुती उद्योगास अनुकूल.'

बाबलीने नीताचा कागद शर्टात कोंबला. "भाई, ह्या कोणाक दाखवू नको हां. उद्या सोयरीक जुळवूची आसा." सुगंधा बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "घरगुती उद्योग म्हणजे काय गो, वळेसर?" आणि तिने नितेशकडे पाहिलं. नितेश जमिनीकडे पाहत होता, पण हसत होता. त्या पावसाळ्यात तो हसलेला मी एवढाच पाहिला. बाबली म्हणाला, "दात काय काढतस? डिप्लोमाक जावचा आसा तुका." हसू संपलं.

इथे तुम्ही म्हणाल, झालं, मग बापाने डोळे उघडून मुलीचा फॉर्म भरला असेल. नाही भरला. मी तुम्हाला दुसरं पत्र लिहायला घेतलं. मला तुमच्याकडून चूक कबूल करून हवी होती, शिक्क्यासहित. कारण मी चव्वेचाळीस पोरांच्या आईबापांसमोर, नारळासमोर शब्द दिला होता. तो मोडायचा तर मोडायला तुमचाच कागद हवा होता. दाजींकडे गेलो, म्हटलं देवाला कौल लावू. दाजी म्हणाले, "शब्द तू दिलंस, आणि कौल देवान देवचो? देव काय तुझो वकील?" देवळातून मी चपला घालून निघालो आणि घरी येऊन पुन्हा पत्राला बसलो.

आणि डिप्लोमाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी पाचपर्यंत मालवणात द्यायचा होता. बाबली दुपारी दोनला नितेशला घेऊन दुकानात आला. गुणपत्रिकेच्या प्रती हव्या होत्या. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासाला, ही आमची परंपरा. मी तडकलेल्या काचेवर पट्टी चिकटवून मशीन चालवत होतो. वरच्या कप्प्यातून एकेक कागद आत घ्यायची सोय होती, तिथे मी मूळ गुणपत्रिका लावली. मशीनने ती आत घेतली. मग एक आवाज आला, सुपारी अडकित्त्यात सापडावी तसा. मशीन थांबलं. गुणपत्रिका आत.

बाबली पांढरा पडला. "भाई! ओरिजिनल आसा ती!"

मी मशीनला मारायला हात उचलला. "मारू नको!" बाबली किंचाळला. "कुडाळच्या माणसाक फोन लाव!" लावला. कुडाळचा माणूस कसालला लग्नाला गेला होता. उद्या येतो म्हणाला. यांत्रिकी अभियांत्रिकीची उपजत जाण असलेला नितेश एव्हाना दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला होता.

संजना दारात.

"गो बाय," बाबली म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी आवाज खाली ठेवून बोलला असेल. "उघड गो जरा."

"काका, माझ्या अहवालात मशीन खंय आसा?" संजना म्हणाली. "माका रांगोळी येता. रांगोळी घालू? मशीनाच्या भवती?"

"मस्करी करू नको गो, पाच वाजतले!"

"तेच म्हणतंय. पाच माझे पण वाजतले." तिने पाठीमागचा हात पुढे केला. हातात फॉर्म होता. माझ्याच दुकानातल्या गठ्ठ्यातला, पूर्ण भरलेला, तिच्या अक्षरात. पालकाच्या सहीची जागा तेवढी रिकामी. तिने तो काउंटरवर माझ्यापुढे ठेवला. माझं तुम्हाला लिहिलेलं अर्धवट दुसरं पत्र त्याखाली गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "तेंच्या उत्तराची वाट बघतास, काय तुमका माझो डिप्लोमाच नको?"

बाबली मध्येच, "भाई, कर रे सही! शब्दाचा काय घेऊन बसलंस!"

काय गंमत आहे बघा. महिनाभर दुकानात येऊन "शब्द म्हणजे शब्द" म्हणून मला टोचणारा हाच बाबली. स्वतःच्या मुलाची गुणपत्रिका अडकली तेव्हा त्याला स्त्री-पुरुष समानता पटली. बऱ्याच लोकांना ती अशीच पटते, काहीतरी अडकल्याशिवाय पटत नाही. मी त्यातलाच आहे. मी सही केली. पेन दोनदा चाललं नाही, तिसऱ्यांदा चाललं.

संजनाने बटण बंद केलं, बाजूचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला. तीन मिनिटांत गुणपत्रिका बाहेर, अख्खी, फक्त कडेला एक काळा ओरखडा. पायरीवर एव्हाना दहा-बारा माणसं जमली होती. कुणीतरी मागून नेहमीसारखं विचारलं, "झाला काय रे भाई दुरुस्त?"

माझ्या तोंडात सवयीने शब्द आला होता. नर्मदा आतल्या दारात उभी होती. मी म्हणालो, "संजनान केल्यान."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माइक नव्हता.

दोघं एकाच रिक्षाने मालवणात गेली, साडेचारला फॉर्म दिले, दोघांनाही प्रवेश मिळाला. नितेश वर्गात तिच्या मागच्या बाकावर बसतो. रविवारी घरी आला की आधी सुरंगीचं काय झालं ते विचारतो. त्याचं जे वाईट झालं ते मी तुमच्या खात्यावर तेवढंच लावतो, जेवढं बाबलीच्या.

पण साहेब, पत्र मी यासाठी लिहीत नाही. माझ्या मुलीचं भागलं; तिच्याकडे पुरावा होता, कारण तिच्या मागे एक आळशी मुलगा बसला होता. उरलेल्या एकवीस जणींच्या मागे कुणी बसलं नव्हतं. त्यांचे अहवाल भिंतीवर लागलेत आणि त्यांचे आईबाप ते पाळतायत. यशोदा आता शिवणक्लासला जाते आणि खरंच मितभाषी झालीय. तुळसा माझ्याकडे आली होती. म्हणाली, "भाई, तो कागद उघडून परत भरून घेवक येता काय?" मी प्रयत्न केला. ब्लेडने कडा कापली, प्लास्टिक ओढलं. लॅमिनेशन सुटलं नाही, कागद फाटला. अर्धा सूर्य माझ्या हातात आला. ते लॅमिनेशन माझ्याच हाताने केलेलं होतं, आणि चांगलं पक्कं केलं होतं.

म्हणून तिसऱ्यांदा लिहितोय; दुसरं पत्र अर्धवटच राहिलं. सोबत संजना आणि नितेशच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती जोडल्या आहेत. 'नम्र विनंती' या वेळी जोडलेली नाही. दोन्ही कागद एकावर एक ठेवा, उजेडासमोर धरा आणि मला फक्त एक आकडा कळवा. या एकशे वीस उत्तरांपैकी कोणतं उत्तर नितेशने लिहिलं म्हणून पुरुषाचं झालं आणि तेच संजनाने लिहिलं म्हणून बाईचं झालं, त्याचा नंबर. शिक्का नको. छापील पत्र नको. दुकान रोज उघडं असतं.

नंबर कळवा.